वळचणीखालची रात्र

एक जूनपासून किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी दोन महिने बंद होते. होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात, आणि बंदरावर मिळेल ते काम करून तिथेच निजणाऱ्या माणसाची मजुरी नेमकी तेव्हा थांबते, जेव्हा त्याला छपराची सर्वाधिक गरज असते.

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावर राहणाऱ्याला इथे थंडीपेक्षा ओल छळते. म्हणून कपड्यांचा एक जोड केवळ झोपताना घालायचा आणि सकाळी पुन्हा कालचे ओले कपडे अंगावर चढवायचे. हे कठोर वाटते, पण रात्री अंग कोरडे राहिले तरच दुसऱ्या दिवशी काम होते.

बंदरावर निजणाऱ्या माणसाची ही पिशवी पाहा. आधार कार्ड दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळले आहे, त्यावर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याचे दोन फेरे आहेत, वर आणखी एक पिशवी आहे आणि तिचे तोंड खाली दुमडलेले आहे, म्हणजे पागोळीचे पाणी आत न शिरता ओघळून जाते.

झोपण्यासाठी पुळण मोहक वाटली तरी तिथे वाळलेल्या काटक्यांची आणि शेवाळाची जी ओळ दिसते, ती मागच्या भरतीची खूण असते; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी तिच्याही वर येते. माडाखाली निजू नये, कारण नारळ सांगून पडत नाही. जांभ्याच्या गडग्यालगत अंथरूण घालू नये, कारण दगडांच्या फटीत फुरसे (विषारी साप) असते. ते चावल्यास जखम कापू नये, घट्ट दोरी आवळू नये, 108 क्रमांकावर फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे. एसटी स्थानकाचा फलाट या सर्वांपेक्षा बरा, कारण तिथे छप्पर असते, उजेड असतो आणि माणसांची जाग असते. एकट्या स्त्रीने तर उजेड सोडूच नये.

पायाला भेग किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालणे टाळावे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांत लाली दिसताच आरोग्य केंद्रात जावे आणि आपण उघड्यावर, पाण्यात राहतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यावरून निदान लवकर होते.

शहरी बेघरांसाठीच्या केंद्रीय योजनेत लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असे प्रमाण ठरले होते. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे 76 हजार होती. लाखाचे माप लावले की कोकणातली गावे मागे राहतात, पण पाऊस माणसे मोजून पडत नाही. इथे निवारा पावसाच्या मापाने द्यायला हवा.

मतदार यादीत नाव नोंदवण्यासाठी मात्र बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. अर्जात झोपण्याची जागा लिहायची. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी येऊन अर्जदार खरोखर तिथे झोपतो का, हे पाहून जातो.