मी डाग रंगवतो

(नाशिकमध्ये गोदाघाटावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

प्रदर्शनात माणसं चित्रापेक्षा चित्राखालची चिठ्ठी जास्त वेळ वाचतात, हे मी कोपऱ्यात उभं राहून पुष्कळदा पाहिलंय. चिठ्ठीवर 'शीर्षक नाही' असं असलं की चेहरे पडतात. मग मला शोधून काढतात आणि विचारतात, यामागची गोष्ट काय? गोष्ट सांगितली की बरं वाटतं त्यांना, आणि त्या नादात चित्राकडे पुन्हा बघायचं राहूनच जातं. त्यामुळे 'चित्रांमागच्या गोष्टी' असा विषय मला दिला तेव्हा मी जरा कुरकुरलोच. सांगतो गोष्टी. पण त्या माझ्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. या गावच्या भिंतींना, पायऱ्यांना, द्राक्षबागेतल्या लोखंडी अँगलला त्या आधीच लागलेल्या असतात. मी डाग रंगवतो, एवढंच.

आमची पिढी नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे सर यांची निसर्गचित्रं बघत मोठी झाली. आमच्या आधीच्यांनी हा घाट, ही देवळं, हे ऊन इतकं रंगवून ठेवलंय की त्याच जागेवर स्टूल टाकून बसायचं म्हणजे जेवणं उरकलेल्या पंगतीत पान मांडून घेण्यासारखं. मी बसलो, बरीच वर्षं बसलो. विक्रीही बरी व्हायची. नाशिक सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसाला दिवाणखान्यात रामकुंड हवंच असतं. पण ती चित्रं मीच काढली पाहिजेत असं काही त्यांत नव्हतं.

मग पूर आला. कुठला ते विचारू नका, नाशिककराला एकच पूर कधी आठवत नाही. १९६९ चा वडीलधारी मंडळी सांगतात. २००८, २०१६, २०१९ आपण सगळ्यांनी पाहिलेत. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते बातम्यांत येतं, पण गावात प्रश्न वेगळाच असतो: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. मारुती दिसेनासा व्हायला लागला की सराफ बाजारात दुकानं आवरायची धांदल. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की काय होतं, हे तर प्रत्येकाच्या आजोबांनी वेगवेगळं सांगितलेलं असतं. ती घंटा चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाची, पोर्तुगीजांची. देऊळ त्यानंतरचं, १७४७ चं. दुसऱ्यांची घंटा आपल्या पुराचा गजर झाली, मला गंमत वाटते.

पूर बघायला अख्खं गाव गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर येतं. होळकर पुलावर उभं राहायला जागा नसते. मी जातो तो पाणी उतरल्यावर. तेव्हा सफाईवाले, दुकानदार आणि मी, एवढेच असतो.

पुराची रेघ जवळून बघितलीये का कुणी? अगदी हाताच्या अंतरावरून? खाली भिंत ओली, चहाच्या गाळासारखी तपकिरी. जिथं पाणी थांबलं तिथं मात्र त्या तपकिरीहून गडद अशी एक बारीक कड असते, पेन्सिलीने मारल्यासारखी. पूर टप्प्याटप्प्याने उतरला असेल तर अशा चार-पाच कडा, एकीखाली एक. आणि काही आठवड्यांनी या सगळ्याच्या वर वीतभर पांढरा लोणा फुलतो. चुन्याच्या भिंतीने पाणी वर ओढलेलं असतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

ज्यांनी जलरंगात हात घातलाय त्यांना ती गडद कड ओळखीची वाटेल. कागदावर मोठा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, सुकत आला की त्याच्या काठाला अशीच रेघ उमटते. कडेचं पाणी आधी वाळतं, मधलं पाणी तिकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारं पोर या रेघेला जाम घाबरतं. टिपकागद लावतं, कुंचल्याने घासतं, आणि डाग वाढवून ठेवतं. मला त्या भिंतीसमोर पहिल्यांदा वाटलं की ही रेघ पुसायची नसते, तिच्यासाठीच चित्र काढायचं. माझ्या आयुष्यातला त्यातल्या त्यात साक्षात्काराच्या जवळ जाणारा प्रसंग हाच, आणि तो झाला तेव्हा पायात चिखलाने भरलेल्या चपला होत्या.

त्यानंतर मी ट्यूबमधला तपकिरी रंग वापरणं सोडलं. समोर गाळ पडलेला असताना बर्न्ट अंबर विकत कशाला घ्यायचा? बादलीभर गाळ घरी आणायचा. पाण्यात ढवळायचा. जड वाळू लगेच तळाला बसते. वरचं गढूळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ते निवळू द्यायचं, पुन्हा ढवळायचं, पुन्हा ओतायचं. शेवटी तळाला जी साय बसते ती बोटाला लोण्यासारखी लागते, एकही खडा लागत नाही. ती वाळवायची, जाड काचेवर बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायची, थेंबभर मध घालायचा म्हणजे ती फार कडक होत नाही. झाला रंग. घरातल्यांचं मत वेगळं आहे. बाथरूमचा पाइप तुंबला की आमच्याकडे गोदावरीचं नाव निघतं.

या रंगाला एक खोड आहे. आपली माती बेसॉल्टची, काळी. पावसात फुगते, उन्हात आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याचमुळे. कागदावरही ती स्वभाव सोडत नाही. पातळ लावला तर गुणी बाळ. जाड लावला की चार दिवसांत भेगाळतो आणि पापुद्रे सुटतात. एका गॅलरीवाल्यांनी मला गंभीरपणे विचारलं, हे चित्र टिकणार का? मी म्हटलं, भिंत टिकली तर टिकेल. त्यांनी ते लावलं नाही. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं, गिऱ्हाईकाला उत्तर त्यांनाच द्यायचं असतं.

आता वणीची गोष्ट. तुमच्यापैकी निम्म्यांची ती कुलस्वामिनी असेल. सप्तशृंगी, साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ. कड्यातच कोरलेली अठरा भुजांची मूर्ती. आपण लहानपणापासून पाहिलं ते तिचं शेंदराचं रूप: गोल, भरलेलं, सगळ्या कडा मऊ झालेल्या. २०२२ साली मंदिर काही दिवस दर्शनाला बंद ठेवलं, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शेंदराचे थर काढले. किती काढले, तर शेकडो किलो. आतून जी मूर्ती आली तिचा दगड स्पष्ट, नाक-डोळे रेखीव, हातातली आयुधं वेगवेगळी ओळखता येतात. नवरात्रात दर्शन सुरू झालं तेव्हा लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. कुणी ढसाढसा रडलं, कुणी बाहेर येऊन हळूच म्हणालं, आपली देवी अशी नव्हती.

मला दोघांचंही पटलं. चित्रकार म्हणून सांगतो, शेंदूर हा साधा रंग नाही. तो शिशाचा रंग. तेलात कालवून लावतात. वरून नारिंगी पेटलेला असतो, पण हवेने, धुराने वर्षानुवर्षांत काळवंडतो; म्हणून गावाकडच्या मारुतीचा एखादा टवका निघाला तर आत चॉकलेटी, काळपट थर दिसतात. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे नाही हं, ते नीटनेटके असतात. हे वेडेवाकडे असतात, कुठे जाड, कुठे गायब, कारण लावणारा हात दरवेळी वेगळा. मूर्ती कुणा कारागिराने घडवली, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. शेंदूर लावणाऱ्या हजारो जणांचंही नाही. यात कलाकार कोण, असं मला विचाराल तर मी दोन्ही बाजूंना मत देईन. खालची मूर्ती बघायला मिळाली याचा आनंद आहे, आणि वरचं रूप गेलं याचं सुतकही आहे. त्या गेलेल्या रूपावर मी एक मालिका केली. मूर्ती एकाही चित्रात नाही. नुसते थर. एका आजींनी हॉलमध्ये चपला काढून त्यातल्या एका चित्राला हात जोडले, त्या चित्राची किंमत मी नंतर कुणालाच सांगितली नाही.

रहाडीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर इथले निम्मे लोक माझ्याहून जास्त बोलू शकतील. बाहेरगावचे कुणी असतील त्यांच्यासाठी: पेशवेकालीन दगडी हौद आहेत हे, जुन्या नाशकात, चौकांच्या खाली. वर्षभर वर लाकडं आणि माती, त्यावरून रिक्षा जातात. रंगपंचमीला उघडतात. शनी चौकातला रंग गुलाबी, तिवंध्याचा पिवळा, दिल्ली दरवाज्याचा केशरी. फुलं उकळून रंग काढतात, आणि मग वरून धप्पा. एकदा रहाडीत बुडी मारली की उन्हाळा बाधत नाही म्हणतात.

तिथले फोटो ढिगाने निघतात, हवेत उडी घेतलेला माणूस, खाली पिवळं पाणी. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जातो. ओलेचिंब होऊन बाहेर पडलेली माणसं थकून आजूबाजूच्या भिंतींना टेकलेली असतात, त्यांच्या पाठी तिथं उमटलेल्या असतात. खांदे, पाठीचा कणा जिथं टेकला नाही ती मधली कोरी पट्टी, एखाद्याचा पंजा. एका ओट्यावर बसलेल्या दोघांच्या मधे लहान पोर बसलं होतं हे मला डागावरून कळलं. हे सगळं पुढच्या पावसाळ्याआधीच फिकं होतं, त्यामुळे त्या चित्रांना घाई असते. इतकंच.

निळ्या चित्रांबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण लोकांना ती आकाशाची वाटतात. ती मोरचुदाची आहेत, बागेवर फवारतात त्या तांब्याच्या निळ्या क्षाराची.

माझे मामा निफाड तालुक्यात. द्राक्षबाग आहे. छाटणी झाली, पाऊस लांबला, की डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने बोर्डो मिश्रण फवारायचं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: एक टक्क्याचं मिश्रण. मोरचूद एका पिंपात, चुना दुसऱ्यात, आणि मग दोन्ही एकत्र. मोरचुदाचं पाणी नुसतं असतं तेव्हा काचेसारखं आरपार निळं असतं. चुना पडताक्षणी ते घट्ट, दुधाळ, आभाळी होतं. ट्यूबमध्ये हा निळा मला आजवर मिळालेला नाही. सेरुलियन निळ्यामध्ये पांढरा मिसळून जवळ जाता येतं, पण तो निळा कोरडा झाल्यावर जी भुकटीसारखी चमक धरतो ती येत नाही.

मिश्रण जमलं की नाही बघायला मामा त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय. आणखी चुना, पुन्हा विळा. पातं स्वच्छ निघालं की पंप सुरू. आर्ट स्कूलमध्ये रंग मिसळायला शिकवताना इतकी चोख कसोटी मला कुणी दिली नव्हती.

हा निळा सगळ्यावर बसतो. खोडांवर, ओलांड्यांवर, तारांवर, मामांच्या बनियनवर, गोठ्याच्या पत्र्यावर. गंजलेल्या अँगलवर बसला की खालून गंजाचा केशरी झिरपतो आणि दोघांमध्ये एक करडी हद्द तयार होते. तेवढी हद्द रंगवायला मी बागेत दिवसच्या दिवस बसलो. मामी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "आयुष्य गेलं माझं ह्यांच्या बनियनचे डाग काढण्यात, आणि तू इथं डाग काढायलाच आलास व्हय!" मामांनी मात्र चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे त्या सालचं ना, फवारणी जास्त झाली होती तेव्हाचं?" मी वर्ष सांगितलं नव्हतं. डागाच्या जाडीवरून त्यांनी ओळखलं. असा समीक्षक मला शहरात मिळालेला नाही.

आता एक चित्र जे होत नाहीये. काळाराम मंदिराचा दरवाजा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. दारं लावून घेतली. काही वर्षं लढा चालला आणि दारं उघडली नाहीत. हे आपल्या गावात झालं, या पाण्यापासून चालत दहा मिनिटांवर. मी त्या दरवाज्यासमोर जाऊन बसतो. दगड चांगला आहे, काळा. ऊन पडलं की तपकिरी होतो, पावसात निळा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी एकत्र केले की त्या दगडाचा दाणा हुबेहूब येतो. पण मी शोधतोय ती खूण त्या दगडावर नाही. जे आत जाऊच शकले नाहीत त्यांचा डाग आत कसा पडणार? माझी सगळी पद्धत इथं येऊन अडते. नुसता बंद दरवाजा काढला तर ते पोस्टर होतं, आणि पोस्टर काढणारे माझ्याहून चांगले आहेत. उंबरठ्याबाहेरच्या फरशीची काही रेखाटनं केलीत. कुणाला दाखवावीत अशी ती नाहीत अजून.

शेवटी एक काम आहे तुमच्याकडे. जुन्या नाशकातले वाडे पडतायत, पाडले जातायत. दरवर्षी पावसाळ्यात एखादा कोसळल्याची बातमी येते. त्या भिंतींवर पुराच्या रेघा होत्या, काही घरांत कुणीतरी खिळ्याने साल कोरून ठेवलेलं. राडारोड्याबरोबर तेही ट्रॉलीत जातं. मला १९६९ ची रेघ हवी आहे. भिंत असेल तर उत्तमच. भिंत नसेल तर घरातला जुना फोटो चालेल, ज्यात लग्नाचे पाहुणे उभे आहेत आणि मागे भिंतीवर ओल दिसतेय, असला. माणसं कोण आहेत ते मला नको, ओल किती उंचीवर आहे ते हवंय. शक्य असेल तर फोटोतल्या दाराची उंची मोजून आणा, म्हणजे मला माप लावता येईल. मी इथं पायऱ्यांपाशी थांबतो. आणि मूळ फोटो देऊ नका मला, मोबाइलवर काढून घेतो. माझ्या घरी गाळ फार आहे.

धन्यवाद.