कपाटातले चेंडू

(मुलांचा तोल आणि पोट-पाठीची ताकद या विषयावर दादर येथे पालक आणि शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला जरा उठून उभे राहा. उजवा पाय जमिनीवर, डावा गुडघ्यात दुमडून वर. हात कमरेवर. दहा अंक मोजते. छान, सगळ्यांना जमलं. आता तेच, पण डोळे मिटून. गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी खुर्चीला हात लावून ठेवा. एक, दोन, तीन... अहो, तिसऱ्या अंकालाच खुर्च्या सरकल्याचे आवाज आले! बसा. मागच्या रांगेतल्या आजी मात्र अजून उभ्या आहेत. आजी, लहानपणी लंगडी खेळलात ना? बघा, मान हलवतायत.

डोळे मिटल्याबरोबर आपण डुगडुगलो, कारण तोलाची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. एक डोळे. दुसरं कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. डोकं कुठेही कललं की त्यांतलं पाणी हलतं. आणि तिसरं ठिकाण तळपाय, घोटे, सांधे. डोळे मिटले की एक खबर बंद. मऊ गादीवर उभं राहिलं की तळपायाची खबर अंधूक होते. व्यायामाची साधनं करतात ती एवढंच. एक वाट थोडी अडवायची, म्हणजे उरलेल्या दोन वाटा घासूनपुसून लख्ख होतात. हलणारी फळी, मोठा चेंडू, अरुंद बीम, सगळ्यांचं तत्त्व हेच.

आणि हल्ली सगळे ज्याला ‘कोअर’ म्हणतात त्याला मी मुलांसमोर ‘आतला कमरपट्टा’ म्हणते. पोटाला आडवे गुंडाळलेले खोल स्नायू, मणक्याला चिकटलेले बारके स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. तुम्ही हात उचलता ना, त्याच्या क्षणभर आधी हा पट्टा आवळला जातो. आधी मधलं घट्ट, मग हातपाय. पाचवीतलं मूल बाकावर डोकं टेकून लिहितं तेव्हा आपण ‘आळशी आहे’ म्हणतो. पुष्कळदा त्याच्या पाठीला तेवढा वेळ ताठ राहणं झेपत नसतं, हे मी पोटतिडकीने सांगते. वर पाठीवर दप्तर. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. तुमच्या घरचं दप्तर आज रात्री काट्यावर ठेवून बघा.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही. दादरमध्ये उभं राहून मल्लखांबाबद्दल मी काय सांगावं? समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचं. पेशवाईत मल्लखांब पुन्हा रुजवणाऱ्या बाळंभटदादा देवधरांचं नाव इथे लहान मुलांनाही ठाऊक असतं. अमरावतीच्या मंडळींनी १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली इथेच शिवाजी पार्कवर झाली आणि उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं. मांड्यांनी कितीही आवळलं तरी पोट सैल सोडलंत की मूल सरकत खाली येतं. खांब खोटं बोलू देत नाही. पण मंडळी, साठ मुलांच्या वर्गातली किती मुलं खांबापर्यंत पोचतात? चार? पाच? मला काळजी आहे ती उरलेल्या पंचावन्नांची.

आता चेंडूंची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. त्यातली बरीच वर्षं अशा शाळेत, जिथे मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरसबंदी, पावसाळ्यात तीही बंद. एकदा माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने शाळेला साधनं दिली. सहा मोठे चेंडू, दहा तोलफळ्या, जमिनीवर ठेवायचा एक लाकडी बीम, हाताएवढा रुंद आणि जेमतेम वीतभर उंच. मला त्या रात्री झोप आली नाही आनंदाने. पहिले आठ दिवस आम्ही मधल्या सुट्टीतसुद्धा तो बीम मांडायचो. सहावीतली एक मुलगी होती, अतिशय घाबरट, जिना उतरतानाही कठडा न सोडणारी. ती बीमवर चढली तेव्हा जीभ दातांत धरलेली, पायाची बोटं लाकडावर रोवलेली, दोन्ही वेण्यांच्या लाल रिबिनी थरथरतायत. तीन पावलं गेली आणि उतरली. दुसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी टोकाला पोचली आणि तिथेच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, उतरेचना.

नवव्या दिवशी एक मुलगा बीमवरून घसरला. गुडघा खरचटला, डेटॉल लावलं, तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या आईची तक्रार नव्हती. पण संध्याकाळी मला शाळेच्या ऑफिसातून बोलावणं आलं. ‘बाई, देणगीची वस्तू आहे, जपून वापरायची.’ दुसऱ्या दिवशी सगळ्या साधनांची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद झाली, पांढऱ्या रंगाने त्यांवर नंबर पडले, आणि ती प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत कुलपात गेली. चावी क्लार्ककडे. साधन हवं तर आदल्या दिवशी अर्ज. अर्ज केला की क्लार्क रजेवर. मी तब्बल दोन वर्षं अर्ज केले, मंडळी. त्याच्या प्रती अजून माझ्याकडे आहेत.

मग तपासणी आली. सकाळी सात वाजता खोली उघडली तर सहाही चेंडू बसलेले, सुकलेल्या भोपळ्यासारखे. वॉचमनने सायकलचा पंप आणला. साडेनऊपर्यंत हवा भरून, पुसून, स्टेजवर ओळीने मांडले. साहेब आले, खूश झाले, आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलाला विचारलं, ‘काय रे, यावर काय काय करता?’ तो म्हणाला, ‘सर, आम्ही आजच बघितले.’ तुम्ही हसताय, तिथेही सगळे हसले. त्या मुलाला मात्र नंतर बोलणी खावी लागली, आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले म्हणून मलाही. ती गोष्ट मी विसरले नाही. मूल खरं बोललं होतं.

या मोठ्या चेंडूचा इतिहास ठाऊक असता तर कुणी तो कपाटात ठेवला नसता. १९६३ साली इटलीत अक्विलिनो कोसानी यांनी हे चेंडू बनवले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांनी ते तान्ह्या आणि लहान मुलांच्या उपचारासाठी वापरले, म्हणून नाव पडलं स्विस बॉल. मोठ्यांच्या जिममध्ये तो नंतर आला. म्हणजे तो मुळात मुलांच्या हातात होता आणि आपण मुलांपासूनच लपवला.

त्या दोन वर्षांत मी काय केलं? वॉचमनकडून काथ्याची जाड दोरी मागून घेतली आणि व्हरांड्यात सरळ अंथरली. मुलं अनवाणी तिच्यावरून चालायची, टाचेला अंगठा लावून. शाळा सुटताना फाटकाकडे जायची वाटच तीवरून. एक मिनिटही लागत नसे. रजिस्टरमध्ये दोरीची नोंद नव्हती, म्हणून तिला कुलूप लागलं नाही. ती लाल रिबिनीवाली मुलगी दिवाळीपर्यंत कठड्याला हात न लावता जिना उतरायला लागली. एवढंच माझं संशोधन.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरली. बरं, मग ज्यासाठी बोलावलं ते भराभर सांगते, लिहून घ्या.

आधी जमीन, मग साधन. मुलाला गुडघ्या-हातांवर रांगत्या स्थितीत आणा, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करायला सांगा, पाच अंक, मग बाजू बदला. पाठीवर वही ठेवा. वही पडली नाही की समजा पट्टा काम करतोय. मग प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं यांवर अंग फळीसारखं सरळ धरायचं, सुरुवातीला दहा सेकंद पुरे. मुलं श्वास कोंडतात, म्हणून त्यांना मोठ्याने पाढा म्हणायला लावा. बेचा पाढा पुरा होईपर्यंत कंबर खाली गेली तर तिथेच थांबायचं.

चेंडू साधारण पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना पंचेचाळीस सेंटीमीटरचा. बसल्यावर तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे काटकोनात. मागे भिंत. आधी नुसतं बसायचं, मग एक टाच उचलायची, मग एक पाय. चेंडूवर उभं राहणं शाळेत कुणालाही नको, मोठ्यांनाही नको.

तोलफळी दोन प्रकारची. एक फक्त डावी-उजवीकडे झुलते, दुसरी चहूकडे. आधी पहिली. गुडघे जरा मऊ ठेवायचे, लोकलमध्ये दांडी न धरता उभे राहता तसे. फळी जमली की साधा लहान चेंडू झेलायला द्या, म्हणजे नजर पायांवरून उठते. बीम वीतभर उंचीपेक्षा जास्त नको, बाजूला मॅट, पाय अनवाणी, कारण बुटाच्या तळव्याखाली तळपाय मुका होतो. स्पर्धेच्या बीमची रुंदी दहा सेंटीमीटर असते, पण तो सव्वा मीटर उंच असतो. रुंदी घ्या, उंची सोडा.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारी. त्या तीन दिवसांत दहा-दहा मिनिटं हे करा. ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते ही भीती काढून टाका. नीट शिकवलं, लक्ष ठेवलं तर असं होत नाही. दुखलं, चक्कर आली तर थांबवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आणि दहीहंडीचा सराव ही याची जागा नव्हे. थराला खांद्यांबरोबर पोटाचीही ताकद लागते हे खरं, पण लहान मुलाला वर चढवून तोल शिकवता येत नाही. तोल खालून शिकतात, जिथून पडलं तर फक्त खरचटतं.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती. साधनं वर्गाच्या मागच्या भिंतीशी ठेवा, कपाट नको, चावी नको. फळी झिजली तर झिजू द्या, नवी घेता येते. रजिस्टरमध्ये ‘वापरून जीर्ण’ असा शेरा मारायला जागा असते.

दुसरी घंटा झाली. या टेबलाखाली मी दोन फळ्या आणि ती काथ्याची दोरी आणली आहे, मूळचीच. ज्यांना चढून बघायचं असेल त्यांनी चपला त्या कोपऱ्यात काढा. आजी, तुम्ही आधी या.