मुलगा वजा करून गाव निवडा

पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘निवृत्तीनंतर परदेशात मुलांजवळ राहायचं तर नेमकं कुठे?’ मला ४५ मिनिटं दिली आहेत. त्यातली ७ शाल, नारळ आणि प्रास्ताविकात गेली. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोणाला गुहागरची शेवटची एसटी गाठायची असेल त्यांनी तेवढं घेऊन खुशाल निघावं. राहायची जागा निवडताना मुलगा वजा करा. मुलगा म्हटलं की मुलगीही आलीच. ती दोघं त्या गावात नाहीतच असं धरून तिथला नकाशा बघा. जे उरतं त्यात तुमचा एक अख्खा मंगळवार जातो का? रविवारचं विचारत नाही, रविवारी मुलं घरी असतात आणि सगळीच गावं छान दिसतात. मंगळवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६.

कोकणातल्या माणसाला ही वजाबाकी नवी नाही. आपल्या घरांतून मुलगा कित्येक पिढ्या वजाच होता. तो लालबाग-परळला गिरणीत, इथे त्याची मनीऑर्डर. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी यायचे. मधले दिवस म्हातारा-म्हातारी गावात राहायची ती कशाच्या जोरावर? वाडीतलं दुकान, बांधापलीकडचा शेजारी, संध्याकाळची देवळातली आरती, आणि पडवी. पडवीत बसलं की रस्ता दिसतो आणि रस्त्याला आपण दिसतो. सकाळी पडवीत आबा दिसले नाहीत तर दूध घालणारा आत डोकावून हाक मारतो. आता तिकडच्या उपनगरातलं घर डोळ्यांपुढे आणा. दर्शनी भागाला गॅरेजचं शटर. अंगण मागच्या बाजूला, त्याला सहा फुटी कुंपण. रस्त्यावर माणूस नाही, कारण चालायला कडेची वाटच केलेली नाही. मुलगा कामावर, सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि आबा सोफ्यावर. आबांना वाण्याकडे जायचं तर मुलाची गाडी हवी. म्हणजे घर मोठं आणि पडवी नाही, अशी गत.

आता कुठला देश, हे आपल्याला फारसं कोणी विचारत नाही. मूल जिथे गेलं तो देश, आणि तिथला कायदा जेवढं राहू देईल तेवढे दिवस. थोडक्यात सांगतो. अमेरिकेत आई-वडिलांना कायमचं बोलवायचं तर मूल नागरिक हवं आणि २१ वर्षं पूर्ण केलेलं हवं. नुसतं ग्रीन कार्ड असेल तर तो बायकोला बोलावू शकतो, आईला नाही. हसू नका, कायदाच तसा आहे. आणि तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालं तरी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा लगेच हातात येत नाही. तिथे कधी नोकरी न केलेल्या माणसाला वयाची ६५ आणि सलग ५ वर्षांचं वास्तव्य पूर्ण करावं लागतं, त्यानंतर हप्ता भरून तो घेता येतो. तोवर खाजगी विमा.

कॅनडात आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं. मूल तिथलं नागरिक किंवा कायम रहिवासी हवं, त्याचं उत्पन्न ठरल्या पातळीच्या वर हवं, आणि तुमचा किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा विमा हवा. या विम्यात लोक नेमके कुठे फसतात तेवढं सांगतो. जुन्या दुखण्याला विमा मिळतो तो ते ‘स्थिर’ असेल तर. स्थिर म्हणजे निघण्यापूर्वीचे ठरावीक दिवस औषध बदललेलं नाही, डोस बदललेला नाही. आपले आबा काय करतात, निघायच्या तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन म्हणतात, लांब चाललोय, एकदा नीट बघा. डॉक्टर बीपीची गोळी अडीचची पाच करतात. झालं, दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा तपासणी करायची ती निघण्याच्या सहा महिने आधी.

ऑस्ट्रेलियात कायमचं राहायचं तर तुमची मुलं मोजतात. निदान निम्मी मुलं तिथे कायमची स्थायिक हवीत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा जास्त मुलं तिथे हवीत. दोनातला एक सिडनीला, एक पुण्याला, तर चालतं. तिघांपैकी एक सिडनी, एक पुणे, एक टेक्सास, तर नाही. या हिशेबात न बसणाऱ्यांसाठी ३ किंवा ५ वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, सगळा मिळून १० वर्षांपर्यंत. ब्रिटनने २०१२ पासून दार जवळजवळ लावूनच घेतलं आहे. रोजच्या आंघोळ-जेवणाला दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी सोय भारतात होऊच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. नाहीतर पाहुणे म्हणून ६ महिने. दुबईत आई-वडिलांचा परवाना मुलाच्या नोकरीला बांधलेला असतो आणि वर्षावर्षाने नवा करावा लागतो. रत्नागिरी-दापोलीकडच्या ज्या घरांतली मुलं पिढ्यानपिढ्या आखातात आहेत त्यांना हे पाठ आहे. नोकरी गेली की सगळ्यांचंच बिऱ्हाड हललं. तिथे मुलगा वजाच करता येत नाही, म्हणून तिथे जाणाऱ्याने इथलं घर कायम राहतं ठेवायचं.

इथल्या घराचा विषय निघालाच आहे, तर त्यावर दोनच मिनिटं घेतो.

आपल्याकडे निघताना शेजाऱ्याला किल्ली देतात आणि म्हणतात, ‘जरा लक्ष ठेव रे.’ हे वाक्य कोकणातल्या बंद घरांचं मरण आहे. लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं? जांभ्याचं, कौलारू घर पावसाळ्याचे चार महिने बंद राहिलं की भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, वाळवी चौकटीतून वर चढते. माकडं कौलं सरकवतात. सरकलेल्या एका कौलातून जूनमध्ये थेंब पडतो आणि सप्टेंबरपर्यंत वासा कुजतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ज्या घरांत माणूस होता तिथे दुसऱ्या दिवशी ताडपत्री पडली. बंद घरं तशीच उघडी भिजली. आणि २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर मी तुम्हाला सांगायला नको. चिखल ओला आहे तोवर खराट्याने निघतो, सुकला की खोरं लागतं. तेव्हा लक्ष ठेवायला सांगू नका, कामं लिहून द्या आणि त्याचे पैसे द्या. मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं नीट लावून घेणं. पावसाळ्यात दर १५ दिवसांनी सगळी दारं-खिडक्या दोन तास उघडायच्या, मागची चूल पेटवून धूर करायचा, विहिरीचा पंप १० मिनिटं चालवायचा. फ्रिज रिकामा करून त्याचं दार फटीएवढं उघडं ठेवायचं. प्रत्येक खेपेला वाशांचे फोटो पाठवायचे. वाशांचे, अंगणातल्या जास्वंदीचे नव्हेत.

मग बाग. हापूसची कलमं वर्षाच्या कराराने देऊन लोक निर्धास्त होतात. वर्षाच्या करारावर घेणारा काय विचार करील? पुढच्या वर्षी झाड त्याच्याकडे असेलच असं नाही, मग यंदाच सगळा मोहोर काढायचा. पॅक्लोब्युट्राझॉल हे मोहोर आणणारं औषध झाडाच्या विस्ताराच्या मापाने द्यायचं असतं. ते हात सैल सोडून ओततात, शेणखत घालत नाहीत, आणि चार-पाच वर्षांत झाड थकतं. करार निदान तीन वर्षांचा करा. झाडं मोजून लिहा, खत किती आणि कोणाच्या खर्चाने ते लिहा, औषधाचं माप लिहा. सातबाऱ्यावर पीक लागायला ई-पीक पाहणी असते, ती मोबाइलवर शेतात उभं राहून करायची. तुम्ही टोरोंटोत असलात तर ती कोण करणार हेही आधीच ठरवा.

आणि मुखत्यारपत्र. ते इथे असतानाच दुय्यम निबंधकांसमोर करून जा. एक सकाळ जाते. तिकडे गेल्यावर करायचं तर भारतीय वकिलातीत सही, किंवा तिथला नोटरी आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का, मग मूळ कागद कुरिअरने इकडे, आणि इथे पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क. लोक सही केलेल्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि पुतण्याला तलाठ्याकडे धाडतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तो कोणत्याही नावाने व्हॉट्सॲप घेणार नाही. आणखी एक. देणारा गेला की मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं. ‘काकांनी मला लिहून दिलंय’ हे काकांच्या हयातीपुरतंच.

याहून मोठा घोळ बक्षीसपत्राचा. निघताना भावना दाटून येतात आणि बाग मुलाच्या नावावर करून टाकू म्हणतात. मुलगा अनिवासी असेल तर शेतजमीन त्याला विकतही घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मात्र येते. म्हणून मृत्युपत्र करा. तुम्ही स्वतः अनिवासी झालात तरी आधीची जमीन तुमचीच राहते, पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. आणि घाईने सगळी शेती विकून मोकळे झालात तर पाच वर्षांनी परत येऊन वीस गुंठे घेताना प्रश्न येईल, तुम्ही शेतकरी आहात का? दाखवायला सातबारा नाही. तेव्हा पहिले दोन हिवाळे होईपर्यंत काही विकू नका, आणि विकलंच तर तुकडा राखा. बँकेतलं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्या. आणि या सगळ्याचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम ९० दिवस न वापरल्यास बंद होतं. लाखांचे व्यवहार त्या सिममधल्या वीस रुपयांच्या शिलकीवर उभे असतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘८ मिनिटं’. मुख्य विषय राहिलाच आहे, मुंबई-गोवा महामार्गासारखा. जमेल तेवढा उरकतो.

तिकडे जागा बघायला मे-जूनमध्ये जाऊ नका. तेव्हा टोरोंटोसुद्धा महाबळेश्वर असतं. जानेवारीत जा, सहा आठवडे राहा. डिसेंबरात तिथला दिवस ९ तासांचाही भरत नाही, आपला ११ तासांचा असतो, आणि माणूस खचतो तो थंडीपेक्षा अंधाराने. त्या सहा आठवड्यांत मुलाच्या गाडीत बसायचं नाही. दारातून ४०० मीटरच्या आत दूध, औषधाचं दुकान, बसथांबा आणि बसायला बाक आहे का ते चालून बघा. सत्तरीत पिशवी घेऊन ४०० मीटरला आठ-दहा मिनिटं लागतात. त्यात सहापदरी रस्ता आडवा येत असेल तर ती जागा सोडा. पायवाटेवरचा बर्फ कोण काढतं ते विचारा. न्यू जर्सीत एडिसन-आयसेलिनचा ओक ट्री रोड, सिडनीत हॅरिस पार्क, लंडनकडे हॅरो, अशा ठिकाणी घरभाडं जास्त वाटतं, पण भाजी, देऊळ, गुजराती का होईना बोलणारं माणूस आणि स्टेशन पायाखाली येतं. इथे पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे म्हणून आपण हिंडतो. तिथे ज्येष्ठांना काय सवलत आहे ते त्या गावच्या बससेवेकडे विचारा.

घरात खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि पूर्ण न्हाणीघर हवं. अमेरिकेतल्या दुमजली घरांत खाली बहुधा कमोड आणि बेसिन एवढंच असतं, आंघोळीला वर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की हे कळतं. कॅनडात तळघर भाड्याने घेत असाल तर बाहेरून उतरणाऱ्या पायऱ्या बघा, त्यावर बर्फ गोठतो. स्वयंपाकघरातला पंखा धूर खरंच बाहेर टाकतो की गाळून परत आतच सोडतो ते बघा. दुसऱ्या प्रकारात सुका बांगडा भाजलात तर धुराचा भोंगा वाजतो आणि सगळी इमारत जिना उतरते.

मुलाच्या घरात राहू नका, जवळ राहा. रात्री फोन केला तर पंधरा मिनिटांत पोचेल इतकं जवळ. विकत घेऊ नका, वर्षाच्या भाडेकरारावर घ्या, कारण मुलं हलतात. नोकरी सुटते, नातवाची शाळा बदलते, आणि तो दुसऱ्या राज्यात जातो. तुमची तिथे कर्जफेडीची नोंद नसते, म्हणून घरमालक जामीन मागतो. मुलगा जामीन राहू दे, पण करार तुमच्या नावाचा असू दे. वेळ संपली.

एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर, तेवढा घेतो. ‘ग्रीन कार्ड असताना शिमग्याला येऊन गणपती करून परत गेलं तर चालतं का?’ छान प्रश्न आहे. १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलात तर परतताना विमानतळावर विचारपूस होते, आणि पुढे नागरिकत्वासाठी वास्तव्याची मोजणी तुटू शकते. साध्या वर्षी होळी ते चतुर्थी १६७ दिवस भरतात, २०२५ला तेवढेच होते. गौरी-गणपती विसर्जन करून निघालात तरी जमतं. पण मध्ये अधिक महिना आला की हेच दिवस १९५च्या आसपास जातात. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे. त्या वर्षी एकतर शिमगा सोडा, पालखी फोनवर बघा आणि आंब्याला या, नाहीतर गणपती भावाकडे सोपवा. तिकीट काढण्याआधी पंचांग उघडून बघायचं, एवढंच.