थीम सगळ्यात शेवटी

नमस्कार मंडळी. वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, कसं वळवून घ्यायचं असा विषय दिलाय, त्यावर येतोच, पण आधी एक सांगू द्या. लोक सुरुवात थीमपासून, म्हणजे साइटच्या तयार रूपापासून करतात. रंग ठरला, स्लायडर ठरला, मग विचारतात मजकूर कुठे टाकायचा. अहो, आपल्याकडे मजकूर कसला आहे ते आधी बघा ना!

एक दिवाळी अंक आहे, नाव नको, जुना आणि फार चांगला. त्यांनी मागचे सगळे अंक साइटवर चढवून घेतले. करणाऱ्याने प्रत्येक लेख साधी पोस्ट म्हणून टाकला आणि लेखकाचं नाव वरती बोल्ड करून टाइप केलं. दिसायला झकास. मग संपादकांनी विचारलं की अमुक कवयित्रीचं आपण आजवर छापलेलं सगळं एका पानावर दिसेल का? नाही दिसणार! कारण सिस्टीमच्या लेखी ती फक्त बोल्ड अक्षरं, आणि लेखक कोण, तर ज्याच्या लॉगिनने पोस्ट चढली तो. म्हणजे अख्खं साहित्य 'अ‍ॅडमिन'च्या नावावर. हसताय तुम्ही, पण मला खरंच वाईट वाटतं, एवढ्या लोकांनी लिहिलंय ते.

आणि हे टाळता येत होतं. वर्डप्रेस आलं २००३ मध्ये ब्लॉगसाठी, पण २०१० च्या ३.० आवृत्तीपासून स्वतःचे पोस्ट टाइप, म्हणजे मजकुराचे वेगळे प्रकार, नीट करता येतात. 'लेख' हा पोस्ट टाइप, 'लेखक' आणि 'अंक' या दोन टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवारीच्या याद्या, झालं. प्रत्येक लेखकाचं पान आपोआप तयार होतं. ड्रुपल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तर २०११ मध्ये सातव्या आवृत्तीत फील्ड्स, म्हणजे माहितीचे वेगळे रकाने, थेट गाभ्यातच घेतली.

त्याच साइटवरची आणखी एक गंमत, मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी. 'पुण्यातल्या जुन्या वाड्यांचा इतिहास' असं शीर्षक दिलं की स्लग, म्हणजे पानाच्या पत्त्याचा शेवटचा तुकडा, आपोआप त्यातूनच बनतो, पण डेटाबेसमध्ये त्याला जागा २०० कॅरेक्टरची, आणि देवनागरीचं एक अक्षर, एक काना, एक अनुस्वारसुद्धा, पत्त्यात चालणाऱ्या चिन्हांत एन्कोड होऊन नऊ कॅरेक्टर खातो. म्हणजे साधारण बावीस चिन्हांत खेळ खल्लास, आपला पत्ता 'वाड्य'पाशी तुटतो! पुढचा लेख 'पुण्यातल्या जुन्या वाड्यांमधली माणसं' असला तर तोही तिथेच तुटणार, मग सिस्टीम त्याला शेवटी २ चिकटवते. म्हणून स्लग हाताने, छोटा, रोमनमध्ये द्या. हे कुठल्याही थीमच्या डेमोत दिसत नाही.

पाच मिनिटं उरलीत म्हणताय, बरं, पळतो आता.

दुकान असेल तर वूकॉमर्स हे प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, घ्या, त्यात प्रॉडक्ट हा पोस्ट टाइप तयारच मिळतो, आपण साइज-रंगाची अ‍ॅट्रिब्यूट्स तेवढी विचार करून ठरवायची. शाळेची साइट असेल तर 'सूचना' वेगळा टाइप करा आणि तिला शेवटच्या तारखेचं फील्ड द्या, नाहीतर गेल्या वर्षीची प्रवेशाची नोटीस यंदाही वरती लटकत राहते. शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना अ‍ॅडमिन करू नका, एडिटर, ऑथर असे कमी अधिकारांचे रोल उगाच दिलेले नाहीत. संस्थेच्या दहा शाखा असतील, सगळ्या सारख्याच चालणार असतील, तर मल्टिसाइट, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट, बघा.

वर्डप्रेसच्या स्वतःच्या कोअर फाइलला हात लावायचा नाही. थीमची मूळ फाइलही नाही, अपडेट आलं की सगळं पुसलं जातं, दिसण्यातले बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बसणाऱ्या आपल्या छोट्या थीममध्ये, आणि वागण्यातले हुक, म्हणजे आपला कोड जोडायला ठेवलेल्या जागा, वापरून स्वतःच्या छोट्या प्लगिनमध्ये. पोस्ट टाइपही प्लगिनमध्येच नोंदवा. थीममध्ये नोंदवलात आणि उद्या थीम बदलली तर डेटा डेटाबेसमध्ये असतो पण मेन्यूतून गायब, आणि क्लायंट रात्री फोन करतो की लेख उडाले.

नवा टाइप केल्यावर ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही', आला तर घाबरू नका, पर्मालिंकचं, म्हणजे पानांच्या पत्त्यांचं, सेटिंग उघडून नुसतं सेव्ह करा. प्रश्न असतील तर बाहेर चहाला भेटू, मी आहे अजून.