किल्ली घेतल्यापासून

(दृश्य: यार्डातला एकच दिवा. बादली, फडका, काचेवरून ओघळणारं पाणी.)

पहाटेचे पावणेपाच. कात्रजच्या पुढे, शहराच्या कडेला असलेल्या एका शैक्षणिक संकुलाचं हे बसयार्ड. काच पुसताहेत ते या गाडीचे चालक. विद्यार्थी त्यांना काका म्हणतात, आपणही काकाच म्हणू.

आधी समोरची काच, मग दोन्ही आरसे. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, आपटून टायरची हवा आवाजावरून ओळखायची. ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत घालून बघायची. मागचा संकटकालीन दरवाजा एकदा उघडून लावायचा. तोवर मदतनीस मावशी सीटांखालून झाडू फिरवतात. वेफरची पाकिटं निघतात, पाण्याच्या बाटल्या निघतात, कधी कुणाचं जर्नल. जर्नल त्या केबिनमध्ये वरच्या फळीवर ठेवतात, ज्याचं त्याला मिळेपर्यंत.

या सगळ्याला पाऊण तास लागतो. हजेरीच्या वहीत ड्युटी सुरू होते ती मात्र हडपसरच्या गाडीतळावर पहिला विद्यार्थी चढल्यावर. संध्याकाळीही तसंच. शेवटचा विद्यार्थी उतरला की वहीतली ड्युटी संपते. मग रिकामी गाडी कात्रज-कोंढवा रस्त्याच्या गर्दीतून यार्डात आणायची, लावायची, किल्ली जमा करायची. हा वेळ काकांच्या पदरचा.

वेळेच्या या दोन तुकड्यांसाठीच सगळं चाललं आहे.

(दृश्य: बॉनेटवर पसरलेला कागद. एकेक हात पुढे येतो.)

मोटार वाहतूक कामगारांसाठी आपल्याकडे 1961 मध्ये कायदा झाला. कामाचे तास कशाला म्हणायचं, ते त्यात लिहिलं होतं. स्टेअरिंगवरचा वेळ त्यात येतोच. शिवाय गाडी ताब्यात घेणं, परत जागेवर लावणं, तिची देखभाल, रजिस्टरवरच्या सह्या, हेही कामच. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. मध्ये कितीही वेळ मोकळा असला तरी दिवसाचा पसारा 12 तासांपलीकडे जाता कामा नये, असंही त्यात होतं. जादा वेळेला दुप्पट दर. काकांचा दिवस पावणेपाचला सुरू होतो आणि सव्वासातला संपतो. बोटांवर मोजा. साडेचौदा तास होतात.

नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा नव्या कामगार संहितेत गेला. गाडीच्या जोडकामाचा वेळ कामाच्या तासांत धरायचा, ही तरतूद तिथेही कायम आहे. म्हणजे चालक काही नवीन मागत नाहीत. किल्ली घेतल्यापासून किल्ली देईपर्यंत, एवढंच त्यांचं म्हणणं.

पगार ठेकेदार देतो. त्याला विचारलं तर तो संस्थेकडे बोट दाखवतो, संस्था त्याच्याकडे. काका याच गाडीवर 11 वर्षं आहेत आणि हा त्यांचा तिसरा ठेकेदार. ठेकेदार बदलला की नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. गाडी तीच, रस्ता तोच, सीटखालचा जॅकही तोच.

म्हणून हा कागद. संघटना नोंदवायला किमान 7 जण लागतात, आणि सभासद म्हणून तिथल्या कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यातला कमी असेल तो आकडा. पहिल्या दिवशी तिघांनीच सह्या केल्या. बाकीचे चहा घेत लांब उभे होते. त्यांना भित्रे म्हणू नका. घरात शाळेची फी आहे, गाडीचा हप्ता आहे, आणि ठेकेदाराकडे प्रत्येकाचा बदली चालक तयार आहे. चौथी सही मावशींची. पाचवीपासून मात्र रांग लागली.

काकांचे वडील भुसार बाजारात हमाल होते. पाठीवर पोतं आणि खिशात हमाल पंचायतीचं कार्ड, असं काका सांगतात. बाबा आढावांनी या शहरात हमालांना एकत्र केलं, रिक्षावाल्यांची पंचायत उभी राहिली, 1993 मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. ज्यांना हजेरीची वहीसुद्धा नव्हती, त्यांनी ओळखपत्रं मिळवली. इथे वही तरी आहे. ती खरी लिहिली जावी, एवढंच बाकी आहे.

(दृश्य: फाटकासमोरची सभा. विद्यार्थीही थांबलेले.)

नोंदणीचा अर्ज गेला. त्यानंतरच्या महिन्यात दोघांना कामावर येऊ नका सांगितलं गेलं, त्यातला एक परत आला. बोलणी सुरू आहेत.

(दृश्य: रात्र. किल्ल्यांची पाटी. काकांचा हात.)

आता प्रत्येक चालकाच्या खिशात एक छोटी वही असते. काका केबिनच्या दिव्याखाली उभे राहून लिहितात. किल्ली घेतली, 4:45. किल्ली दिली, 7:15. खाली सही करतात, आणि मावशींपुढे वही धरतात. साक्षीदार म्हणून मावशींचीही सही.