मॅफिकिंग

श्रोतेहो, नमस्कार.

'पार पानिपत झालं' असं आपण म्हणतो, तेव्हा 1761चा घाव त्या गावाच्या नावातच मुरलेला असतो. इंग्रजीतही एका गावाच्या नावावरून असाच शब्द निघाला होता, पण जल्लोषाचा. देशप्रेमाच्या भरात रस्त्यावर धुडगूस घालणं म्हणजे 'मॅफिकिंग', आणि तो घालणारे 'मॅफिकर'.

गाव दक्षिण आफ्रिकेतलं, मॅफेकिंग. ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर यांच्यातल्या युद्धात ते 217 दिवस बोअरांच्या वेढ्यात होतं. आतल्या ब्रिटिश फौजेचा प्रमुख बेडन-पॉवेल, पुढे स्काउट चळवळ उभी करणारा. 17 मे 1900ला वेढा उठला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी रात्री साडेनवाच्या सुमाराला ही बातमी लंडनला पोचली आणि माणसांचा लोंढा रस्त्यावर आला. झेंडे, पिपाण्या, अनोळखी माणसांच्या गळामिठ्या. मोरपिसं घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला गुदगुल्या करणं. वर्तमानपत्रांनी लगेच त्या नावातलं शेवटचं 'इंग' क्रियापदाचा प्रत्यय धरलं आणि नवं क्रियापद घडवलं, 'मॅफिक'.

खरी गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या त्स्वाना भाषेत 'मफिका' म्हणजे खडक, आणि 'एंग' हा आपल्या 'त'सारखा, ठिकाण सांगणारा प्रत्यय. मफिकेंग म्हणजे खडकांतलं गाव. ज्यांच्या भाषेतलं हे नाव, ते बारोलाँग लोक तिथेच, त्याच वेढ्यात होते. त्यांनीही बंदुका घेऊन गाव लढवलं. पण धान्य आटलं तेव्हा उपासमारीचा सगळ्यात मोठा वाटा काळ्या माणसांच्या पदरी आला. घोड्याच्या मांसाचं सूप हाच कित्येकांचा आधार, आणि तेही बहुतेकांना पैसे मोजूनच मिळायचं. लंडनच्या त्या नव्या क्रियापदात यातलं काहीही उतरलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वेढ्यात एक तरुण दुभाषा होता, सोल प्लाटजे. वय तेवीस. स्वतः बारोलाँग, न्यायालयात कामाला. तो रोजनिशी लिहीत होता. पुढे त्याने त्स्वाना म्हणी गोळा केल्या, शेक्सपिअर त्स्वानात नेला, दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्यांच्या काँग्रेसचा पहिला सरचिटणीस झाला. 1932 साली तो वारला. 'मॅफिकिंग' शब्दकोशात केव्हाच जुना होऊन बसला होता, तेव्हा, 1973 साली, ती रोजनिशी छापून आली.