खडकाचे गुण

अंधेरी पश्चिमेला, इमारतींच्या दाटीत हा अजून उभा आहे. गिल्बर्ट हिल. 61 मीटर उंच काळा बेसाल्ट, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. जरा जवळ जाऊ. पेन्सिलींची जुडी उभी करून ठेवावी तसे हे खांब. लाव्हा थंड होताना आकसला, तडकला, आणि तेच झाले हे उभे सांधे.

समजा, इथे वरून सरळ खाली बोअर मारली. बिट एकाच खांबाच्या पोटातून उतरलं, तर पेटीत येईल लांबलचक, अखंड कोअर, म्हणजे बोअरमधून निघालेली दगडाची कांडी. भूगर्भतज्ज्ञ टेप लावणार. 10 सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकडेच धरायचे, बारके सोडायचे. दीड मीटरमध्ये असे तुकडे 135 सेंटिमीटर भरले, तर आरक्यूडी, म्हणजे खडकाच्या अखंडपणाचा टक्का, 90. झकास खडक!

आता याच खडकात आडवं भुयार काढा. चार पावलं टाकली की सांधा, पुन्हा सांधा. बोअर खोटं बोलली नाही, तिला विचारलंच चुकीच्या दिशेने.

म्हणून भूमिगत खाणीत एकट्या आरक्यूडीवर कुणी छत सोडत नाही. बिएनियाव्स्की यांनी 1973 मध्ये मांडलेली आरएमआर ही खडकाला गुण देण्याची पद्धत दगडाची ताकद, आरक्यूडी, सांध्यांमधलं अंतर, सांध्यांची अवस्था आणि पाणी, अशा पाचांना गुण देते. 1989 च्या सुधारित तक्त्यात 100 पैकी 30 गुण एकट्या सांध्यांच्या अवस्थेला आहेत. रास्तच आहे. फटीत चिकणमाती असेल, तर दोन्हीकडचा दगड कितीही कणखर असो, घसरायचा तो घसरतोच. शिवाय सांध्यांची दिशा भुयाराला अगदीच वाईट असेल, तर 12 गुण कापले जातात.

बार्टन, लीन आणि लुंडे यांची 1974 ची क्यू पद्धतही खडक जोखते, पण आणखी एक विचारते: पोकळी हवी कशाला? त्यानुसार आधार ठरवताना धरायची रुंदी बदलते. समजा, रुंदी 15 मीटर. खाणीतली तात्पुरती पोकळी असेल, तर 15 ला 3 ते 5 ने भागायचं. खनिज निघालं, माणसं बाहेर आली, काम संपलं. मुंबईच्या मेट्रो 3 सारखं भूमिगत स्टेशन असेल, तर भागायचं 0.8 ने. हिशेबात एकीकडे जेमतेम 5 मीटर, दुसरीकडे जवळजवळ 19. खडक तोच, पण बोल्ट आणि शॉटक्रीटचा, म्हणजे छताला ठोकायच्या सळ्या आणि त्यावर फवारायच्या काँक्रीटचा, खर्च कुठल्या कुठे.

हे सगळं कागदावर ठरतं. खाली मात्र पाळी सुरू होताना एक जण लांब पहार घेऊन छत ठोकत पुढे जातो, मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो तसं. खणखणीत वाजलं की पुढे. बद्द वाजलं की सगळे मागे, आणि आधी तो सुटा दगड खाली.